सायकलवाल्या लेकीचा परदेशी मुक्काम

हातातलं काम चालू असेल तर चालू राहू द्या, कान तेवढे इकडे असू द्या.

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. रस्त्यावरच्या सायकल शर्यती खेळणाऱ्या मुलीला सरावासाठी महिनाभर परदेशात राहायचं असेल, तर तिनं मुक्काम कुठे करावा? आपल्या बचत गटांचा आणि याचा काय संबंध, असं वाटेल. आमच्याकडे हा प्रश्न कर्जाच्या अर्जातून आला. आमचा बारा जणींचा गट वाई तालुक्यातला. गटातल्या एका ताईंची मुलगी वीस वर्षांची आहे, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते आणि राज्य पातळीवर सायकल शर्यती खेळते. पहाटे पसरणी घाटात जी मुलगी टोपी घालून एकटी सायकल मारताना दिसते ना, ती हीच. विमानाच्या तिकिटाचा खर्च एका मंडळानं देऊ केला. राहणं, जेवण, व्हिसा आणि विमा यांसाठी ताईंनी गटाकडे ऐंशी हजार मागितले. मुलगी परीक्षा संपली की मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत जाणार.

बैठकीत पहिली दहा मिनिटं कुणीच बोललं नाही. मग एक काकू म्हणाल्या, "लेकीच्या लग्नाला कर्ज मागितलं की आपण तारीख विचारतो आणि सही करतो. हिच्या सायकलला मागितलं तर सगळ्यांची तोंडं का बंद?" दुसऱ्या वहिनींचं म्हणणं वेगळं होतं. त्या म्हणाल्या, "पैशाचं नाही, पण पोरगी पडली, हात मोडला तर तिथे कोण आहे?" दोघींचंही खरं होतं. म्हणून ठरलं, की कर्ज द्यायचं की नाही हे नंतर. आधी पोरगी कुठे राहणार, ते सगळ्या मिळून तपासायचं. जमिनीवर कर्ज देताना आपण जमीन बघून येतो. स्पेन-फ्रान्सला जाऊन बघता येत नाही, पण विचारता तर येतं. तिच्या प्रशिक्षक सरांना विचारलं, तिकडे राहून आलेल्या दोन मुलींना फोन लावले, मोबाइलवर नकाशे उघडले. दोन महिन्यांत जे कळलं ते आज सांगतो. तुमच्याही गावात एखादी अशी पोरगी असेल.

पहिल्यांदा मुक्काम म्हणजे काय ते सांगतो. वारीत मुक्काम रोज बदलतो आणि वाट एकच असते. सायकलवाल्यांचं उलट आहे. मुक्काम एकच, आणि वाट रोज नवी. सकाळी खोलीतून निघायचं, तीन-चार तास, कधी पाच तास सायकल चालवायची आणि त्याच खोलीवर परत यायचं. कपडे धुवायचे, जेवायचं, झोपायचं, उद्या पुन्हा. म्हणजे ते गाव बघायला सुंदर आहे की नाही यापेक्षा दाराबाहेर पडल्यावर कोणकोणत्या दिशांना कसले रस्ते फुटतात, हे महत्त्वाचं.

मुलीच्या मनात एकच नाव होतं, फ्रान्समधला आल्प द्युएझचा घाट. त्याला कारणही तसंच. २०२४ साली बायकांची जी मोठी 'टूर द फ्रान्स' शर्यत झाली, तिचा शेवट या घाटाच्या माथ्यावर होता. आठ टप्पे, शेकडो किलोमीटर, आणि पहिल्या-दुसऱ्या क्रमांकात फरक किती? फक्त ४ सेकंद. पोलंडची कासिया न्येवियादोमा जिंकली. नेदरलँड्सची डेमी फोलरिंग त्या दिवशी घाटात सगळ्यांच्या पुढे पोचली, तरी एकूण वेळेत ४ सेकंदांनी मागे राहिली. ही शर्यत मुलीनं मोबाइलवर कितीदा बघितली याची गणती नाही. आम्हीही बघितली. शेवटी काकूंनी पदर डोळ्याला लावला, आता हसू येतं.

तो घाट सुमारे १४ किलोमीटरचा आहे, वळणं २१, आणि प्रत्येक वळणाला आकडा लिहिलेली पाटी. चढ सरासरी ८ टक्के. टक्के म्हणजे काय, तर शंभर मीटर पुढे गेलं की आठ मीटर वर. पुरुषांच्या टूरमध्ये हा घाट पहिल्यांदा १९५२ साली आला. घाटाच्या पायथ्याला बूर द्वाझां नावाचं छोटं गाव आहे. जगभरचे सायकलवाले तिथे उतरतात आणि आजूबाजूचे एकेक घाट चढतात. त्या भागातला गालिबियेचा घाट तर २,६४२ मीटर उंचीवर आहे. आपलं महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर. म्हणजे जवळजवळ दोन महाबळेश्वरं एकावर एक.

आता इथेच पहिली अडचण. एवढ्या उंचीवर हिवाळ्यात बर्फ पडून रस्ता बंद होतो आणि तो उघडता उघडता मेचा शेवट, कधी जून उजाडतो. आमची मुलगी जाणार मेमध्ये. म्हणजे ज्या घाटांसाठी जायचं त्यांतले उंच घाट बंदच असण्याची शक्यता.

दुसरी अडचण सरांनी सांगितली आणि ती आम्हाला जास्त पटली. सायकलच्या सरावात रोज जोर काढायचा नसतो. दोन-तीन दिवस मेहनतीचे, मग एक दिवस हलका. हलक्या दिवशी पाय फिरते ठेवायचे, सपाट रस्त्यावर तासभर जाऊन यायचं. बूर द्वाझां डोंगरांच्या खोबणीत बसलेलं आहे. दरीतला थोडा सपाट रस्ता सोडला तर जिकडे जाल तिकडे मोठा चढ. आपण भात लावणीला रोज दहा तास वाकतो, आठव्या दिवशी कंबर बोलायला लागते, तसंच हे. महिनाभर रोज घाट चढला तर पोरगी तयार होऊन येण्याऐवजी थकून येईल. मुलगी हिरमुसली. पण तिनंच नंतर नकाशावर हलक्या दिवसाचे रस्ते शोधायला घेतले, आणि निवडीला खरी सुरुवात तिथून झाली.

दुसरं नाव आलं मायोर्काचं. हे स्पेनचं बेट, भूमध्य समुद्रात. युरोपच्या थंड देशांतले सायकलवाले फेब्रुवारी ते मे इथे झुंडीनं येतात, कारण त्यांच्याकडे तेव्हा गारठा असतो आणि इथे ऊन. बेटाच्या एका बाजूनं डोंगराची लांब रांग आहे, तिचं नाव त्रामुंताना, आणि २०११ साली ती जागतिक वारसा यादीत गेली. मधला भाग सपाट, शेतीचा, बदामाच्या बागांचा. म्हणजे मेहनतीच्या दिवशी डोंगर, हलक्या दिवशी सपाटी. उत्तरेला पोयेन्सा बंदर आणि अल्कुदिया इथे मुक्काम केला तर दोन्ही दाराशी. तिथला सा कालोब्रा नावाचा रस्ता फार गमतीचा आहे. तो डोंगरावरून खाली समुद्रापर्यंत जातो आणि तिथेच संपतो. गाडीरस्ता तेवढाच. म्हणजे आधी मजेत उतरायचं आणि मग साडेनऊ किलोमीटरचा ७ टक्क्यांचा चढ चढूनच परत यायचं. मध्येच दोरीची गाठ मारावी तसा रस्ता स्वतःच्याच खालून वळतो. १९३२ साली अंतोनियो पारिएत्ती या इंजिनिअरनं तो बांधला.

खरं सांगायचं तर आठवडाभरासाठी, पहिल्यांदाच जाणाऱ्या बाईला आम्ही मायोर्काच सांगू. सायकलवाल्यांची सगळी सोय तिथे आधीपासून लागलेली आहे. हॉटेलात सायकल ठेवायची कुलपाची खोली, सकाळी लवकर नाश्ता, भाड्यानं सायकल. पण ही सोय हॉटेलात उतरणाऱ्यांची. महिनाभर स्वतः शिजवून खाणाऱ्या मुलीला स्वस्त खोली मिळणं तिथे अवघड, आणि मे-जून उजाडला की समुद्रावर येणाऱ्या पर्यटकांची गर्दी आणि दर दोन्ही वाढतात. शिवाय तिथे माणसं आठवड्याला बदलतात. आज ओळख झालेली बाई शनिवारी विमानानं गेलेली असते. एकटी मुलगी महिनाभर राहणार, तर तिला रोज तेच चार चेहरे दिसले पाहिजेत, असं सगळ्यांचंच मत पडलं.

असं करत आम्ही तिसऱ्या नावावर आलो. जिरोना.

हे स्पेनच्या ईशान्येला, कातालोनिया प्रांतातलं शहर. बार्सिलोनापासून साधारण शंभर किलोमीटर, वेगवान गाडीनं चाळीस मिनिटांच्या आसपास. वस्ती लाखभर. म्हणजे फार मोठं नाही आणि अगदी खेडंही नाही. दवाखाना, बाजार, कॉलेज, रेल्वे स्टेशन सगळं आहे, कारण तिथे लोक बाराही महिने राहतात. ओन्यार नदी गावातून जाते, काठावर रंगीत घरं एकमेकांना चिकटून उभी. १९९० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेचे काही व्यावसायिक सायकलपटू तिथे राहायला आले. शर्यती सगळ्या युरोपात, घर मात्र सात समुद्रापार, मग अध्येमध्ये राहायला ठिकाण हवंच. इथे विमानतळ जवळ, हिवाळा सौम्य, आणि गावाबाहेर पडलं की कमी रहदारीचे रस्ते. एकाचं बघून दुसरा आला, दुसऱ्याचं बघून तिसरी. आज तिथे बायकांच्या व्यावसायिक संघांतल्या खेळाडूही राहतात आणि आमच्या मुलीसारख्या हौशी-होतकरूही येतात.

तिथे राहून गेलेल्यांत लान्स आर्मस्ट्राँगही होता. टूर द फ्रान्स सात वेळा जिंकलेला म्हणून एके काळी जगभर नाव, आणि २०१२ साली औषधं घेतल्याबद्दल सातही किताब काढून घेतले. हे मुद्दाम सांगतो, कारण पोरीला आम्ही बजावलंय, की कुणी कितीही गोड बोलून पावडर, गोळी, इंजेक्शन देऊ केलं तरी सरांना फोन केल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही.

रस्त्यांचं म्हणाल तर जिरोनाला चहूबाजूंनी वेगवेगळे. गावाला लागूनच एल्स आंजेल्स नावाचा मध्यम चढ आहे, वर मेरीमातेचं ठाणं. साल्वादोर दाली नावाचा मोठा चित्रकार होऊन गेला, त्याचं लग्न १९५८ साली तिथेच लागलं. हा चढ आठवड्यातून दोनदा केला तरी पाय मोडत नाहीत. ज्या दिवशी खरा कस लावायचा, त्या दिवशी रोकाकोर्बा. तो बान्योलेस गावाजवळून सुरू होतो, तेरा-चौदा किलोमीटरचा, आणि वरच्या भागात चढ अंगावर येतो. बान्योलेसला मोठं तळं आहे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या होड्यांच्या शर्यती त्या तळ्यात झाल्या. एका फोनवाल्या मुलीनं तर सांगितलं, गर्दी नको असेल तर बान्योलेसलाच राहा, छोटं आहे, शांत आहे. आम्ही त्यावरही विचार केला. पण स्टेशन नाही, आणि मोठा दवाखाना जिरोनाला. वहिनींनी त्यावर काट मारली.

हलक्या दिवसाला समुद्राकडची सपाटी आहे. आणि मैत्रिणींनो, त्या वाटेवर पाल्स नावाचं गाव लागतं, तिथे भातखाचरं आहेत! स्पेनमधला भात. आम्ही फोटो मोठा करून बघितला, बांध तसेच, पाणी तसंच. ताईंचा जीव त्या एका फोटोनं निम्मा खाली पडला. किनाऱ्यावर तोसा ते सांत फेलिऊ हा रस्ता समुद्राच्या कड्यावरून वळणावळणानं जातो, तो देखणा आहे असं सगळे सांगतात. तो एखाद्या रविवारी, सोबत असेल तर.

शहर ठरलं, तरी शहरात कुठे राहायचं हा प्रश्न उरतोच. जिरोनाचा जुना भाग फार सुंदर, दगडी गल्ल्या, पायऱ्या. फोटोत बघितलं की तिथेच राहावंसं वाटतं. पण जुन्या घरांना लिफ्ट असेलच असं नाही, आणि रोज तिसऱ्या मजल्यावर सायकल खांद्यावर घेऊन चढायची म्हणजे घाटावरचा घाट. दगडी फरशीवर बारीक टायरची सायकल घसरते, ते वेगळंच. म्हणून मुलीनं खोलीच्या मालकिणीला विचारायचे प्रश्न आम्ही बैठकीतच काढून दिले. सायकल आत, कुलपात राहील का? कपडे धुवायचं मशीन आहे का? स्वयंपाकघर वापरता येईल ना, की फक्त चहापुरतं? घरात आणखी कोण राहतं? बाथरूमला आतून कडी आहे का? शेवटचा प्रश्न मुलीला विचारायला लाज वाटत होती. आम्ही म्हटलं, तू नको लिहूस, आई विचारतेय असं लिही. शेवटी नव्या भागात एक खोली मिळाली, तळमजल्याला सायकलची जागा, घरात आणखी दोन सायकलवाल्या मुली, आणि मालकीण स्वतः वरच्या मजल्यावर. जिरोनाला अगदी लागून सॉल्ट नावाचं गाव आहे, परदेशातून कामाला आलेली माणसं तिथे पुष्कळ राहतात. खोली तिथेही चालली असती. पण या घरातल्या मुलींचा आधार जास्त वाटला.

हे ऐकताना कृषी पर्यटन करणाऱ्या गटांचे कान टवकारले असतील. आपल्या घाटांतही शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईचे सायकलवाले येतात. त्यांना एसी नको असतो. कुलपाची जागा, सायकल धुवायला पाण्याची नळी, पहाटे सहाला पोहे आणि आल्यावर भरपूर भात, एवढंच हवं असतं. पण तो विषय पुन्हा कधीतरी.

आता पडण्या-झडण्याचं. तिकडे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, आपल्या उलट. सरळ रस्त्यावर दोन दिवसांत सवय होते म्हणे. चुकी होते ती चौकात आणि गोल चक्करला, कारण चक्कर उलट्या दिशेनं फिरायची आणि गाडी आधी डावीकडून येणार. मुलीला आम्ही अंगणात रांगोळीनं चौक काढून चालायला लावलं. पोरं जमली, तिनंही हसत केलं, पण केलं. कायदा तिकडे सायकलवाल्यांच्या बाजूचा आहे. मोटारवाल्यानं सायकल ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवायचं, असा स्पेनचा नियम आहे. गावाबाहेरच्या रस्त्यावर हेल्मेट सक्तीचं. तातडीचा नंबर ११२, आपल्याकडचाच.

सायकल इथून न्यायची की तिथे भाड्यानं घ्यायची, यावर बरीच चर्चा झाली. भाड्यानं घेतली तर विमानात न्यायचा त्रास वाचतो. पण महिनाभराचं भाडं सायकलच्या निम्म्या किमतीला जातं, असं आमच्या हिशोबात आलं. शिवाय तिकडच्या सायकलींना पुढच्या चाकाचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असतो, आपल्याकडे उजव्या. उतारावर घाबरून भलताच ब्रेक करकचून दाबला तर माणूस तोंडावर पडतो. म्हणून आपलीच न्यायची ठरली. आमच्या चौकातल्या सायकलवाल्या दादांनी तिला सायकल खोलायला आणि जोडायला शिकवलं. पेडल काढताना लक्षात ठेवायचं की डाव्या पेडलचा आटा उलटा असतो. नेहमीसारखं फिरवलं तर ते सुटण्याऐवजी आणखी घट्ट बसतं. लांब घाटांसाठी मागे मोठं दातेरी चक्रही बसवून घेतलं.

व्हिसाचं थोडक्यात सांगतो, कारण यात पैसे अडकतात. युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा असतो, शेंगेन म्हणतात. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. अर्ज सहा महिने आधीपासून चालतो. आम्ही म्हणू, तीन महिने आधी कराच. फी ९० युरो, आणि व्हिसा नाकारला तर ती परत मिळत नाही. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. राहण्याची सोय, बँकेतले पैसे, परतीचा प्रवास आणि किमान ३०,००० युरोचा आजारपणाचा विमा, हे सगळं दाखवावं लागतं. विम्याचा कागद मात्र नीट वाचा. काही विमे खेळातली दुखापत सोडून देतात. दुकानदार "सगळं कव्हर आहे ताई" म्हणेल, तरी सायकल चालवताना झालेली दुखापत त्यात लिहिलेली आहे का ते बघा. आम्ही दोन विमे परत केले आणि तिसरा घेतला. युरोचा भाव जरा जास्तच धरून हिशोब मांडला, तसं केलेलं बरं.

तब्येतीची गोष्ट बायकांनी बायकांना सांगायची असते, म्हणून सांगतो. जाण्याआधी दोन महिने तिचं हिमोग्लोबिन तपासलं. बाईचं १२ च्या खाली असेल तर रक्त कमी समजतात, आणि रक्तच कमी असेल तर चढावर दम लागणारच, मग कुठल्याही देशात जा. तिचं पावणेअकरा निघालं. आशाताईंनी डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, आणि जाण्याआधी पुन्हा तपासलं तेव्हा साडेबारा होतं. पोरगी गेले वर्षभर म्हणत होती की घाटात शेवटच्या दोन वळणांना डोळ्यांपुढे अंधारी येते. सगळे समजत होते सराव कमी पडतो. परदेशी जाणं राहिलं असतं तरी एवढ्या एका तपासणीनं तिचं भलं झालं असतं.

जेवणाचं फार अडणार नाही. तिकडची माणसं हरभरे आणि मसूर चवीनं खातात, दुकानात भिजवून शिजवलेले बरणीतही मिळतात. तांदूळ आहे, टोमॅटो-कांदा आहे, ऑलिव्हचं तेल आहे. भाकरी मात्र विसरायची. दुपारी दीड-दोनपासून साडेचार-पाचपर्यंत पुष्कळ दुकानं बंद आणि रविवारी बहुतेक सगळीच, त्यामुळे शनिवारी भाजी भरून ठेवायची. नळाचं पाणी पिता येतं. वाटेतल्या गावांत पाण्याचे कारंजे असतात, पण "नो पोटेबल" अशी पाटी दिसली तर ते प्यायचं नाही. मेमध्येही डोंगरावरून उतरताना वारा झोंबतो. आपली पोरगी उन्हाला घाबरत नाही, गारठ्याला कच्ची आहे. जुन्या काळचे शर्यतवाले माथ्यावर पोचले की सदऱ्याच्या आत, छातीवर वर्तमानपत्र घालायचे, म्हणजे उतारावर वारा लागत नसे. पातळ जॅकेट घेतलंच आहे, पण ही युक्ती ताईंना फार आवडली.

त्यांचं घड्याळ तेव्हा आपल्या साडेतीन तास मागे असतं. तिची संध्याकाळ सातची म्हणजे आपली रात्र साडेदहाची. जूनमध्ये तिकडे नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. मायलेकींचं ठरलंय, सकाळी निघताना कोणत्या वाटेनं जाणार ते लिहायचं आणि परत आल्यावर एक शब्द. सुरुवातीला रोज व्हिडिओ कॉल ठरला होता. मुलगी म्हणाली, "आई, दमून आल्यावर तुझा चेहरा बघितला की मला रडू येईल." मग एक शब्दावर आलं. तिथली भाषा कातालान आणि स्पॅनिश. "बॉन दिया" म्हणजे नमस्कार, तेवढं आता आमच्या सगळ्या गटाला येतं. दूधवाल्यालाही आम्ही बॉन दिया म्हणतो.

आणि कर्ज? ठराव झाला. ऐंशीऐवजी पन्नास हजार, महिना १ टक्का, वीस हप्ते, दुधाच्या पैशातून. बाकीचे तीस मामांनी आणि मुलीच्या बक्षिसांच्या ठेवीनं भरले. रक्कम दोन भागांत दिली. आधी व्हिसा-विम्यापुरती, आणि व्हिसा हातात पडल्यावर उरलेली. एका सदस्य मावशींनी ठरावावर सही केली, पण "मला अजून पटलेलं नाही" असं इतिवृत्तात लिहायला लावलं. ते लिहिलं आहे. चार दिवसांनी त्याच मावशी शेंगदाण्याची चिक्की घेऊन आल्या.

चिक्कीवरून आठवलं. दुधाचे आणि मटणाचे पदार्थ सामानातून युरोपात नेता येत नाहीत. पेढे, खव्याच्या वड्या, तुपातले लाडू बाजूला काढावे लागले, ताजी फळंही नाहीत. गूळ-शेंगदाण्याची चिक्की बसली. दर अर्ध्या-पाऊण तासानं सायकलवर काहीतरी खावं लागतं, त्याला ती उत्तम. विमानवाल्यांची सायकलच्या खोक्याची मर्यादा २३ किलो. परवा भुसार दुकानाच्या काट्यावर खोकं ठेवलं, साडेएकोणीस भरलं. साडेतीन किलो उरले. त्यात पंप, दोन ट्यूब, मेतकूट, हळद-तिखटाच्या पुड्या, पॅडची दोन पाकिटं आणि चिक्की बसवली. पुन्हा काट्यावर ठेवलं तर तेवीसला शंभर ग्रॅम जास्त. ताईंनी हळदीची पुडी काढली, मुलीनं ती परत घातली आणि एक ट्यूब खिशात ठेवली. शुक्रवारी रात्री तिचं विमान आहे.